बंब, माठ आणि हीट पंप: पुण्याच्या आंघोळीपासून ओस्लोच्या घरापर्यंत

(कसबा पेठेत झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



विषय ‘हीट पंप’ असा जाहीर झाल्यावर दोन प्रकारचे लोक येणार, हे मला माहीत होतं. काहींची मुलं परदेशात आहेत आणि तिकडे घरातला गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवावा का, अशी चर्चा चालू आहे. बाकीच्यांच्या वाड्याचा पुनर्विकास चाललाय आणि बिल्डरच्या सोयींच्या यादीत ‘सेंट्रलाइज्ड हीट पंप’ असे तीन शब्द छापलेत. सही करायची आहे, पण हे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. आज मी दोघांसाठी बोलणार आहे. शास्त्र एकच आहे, हवामान वेगळं आहे, आणि हवामान बदललं की उत्तरही बदलतं.

दोन आळ्यांचं शास्त्र

आपण बसलोय तिथून तांबट आळी चालत काही मिनिटांवर आहे, कुंभारवाडाही तसाच जवळ. हीट पंप समजायला या दोन जागा पुरेत.

तांबट आळीतला बंब आठवा. मधे नळकांडं, त्यात लाकूड, गोवऱ्या किंवा कोळसा, भोवती पाणी. जळणात जेवढी उष्णता असेल त्यातला काही भाग पाण्यात जातो, उरलेली धुराबरोबर वर. विजेचा गिझर म्हणजे धूर नसलेला बंब. एक युनिट वीज जाळा, जास्तीत जास्त एक युनिट उष्णता मिळेल. कितीही भारी गिझर आणा, याच्या वर जाता येत नाही.

आता कुंभारवाड्यातला माठ. माठाला बर्फ लागत नाही, वीज लागत नाही, तरी पाणी गार होतं. का? पाणी माठाच्या अंगातून झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. मंगल कार्यालयात आचाऱ्याचा मोठा शेगडा तासभर चालला की सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो, कधीकधी पांढरं दव गोठतं. तेही तेच. आतल्या द्रवाचा वायू होतोय आणि त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून खेचली जातेय.

म्हणजे द्रवाचा वायू झाला की तो उष्णता पितो. उलटं केलं, वायू दाबून त्याचा पुन्हा द्रव केला, की प्यायलेली उष्णता तो परत टाकतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं ना? दाबलं की तापतं.

हीट पंपात एवढंच आहे. बाहेरच्या बाजूला एक नळी, तिच्यात अगदी कमी तापमानाला उकळणारा द्रव. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, आर-३२ नावाचा वायू उणे ५२ च्या आसपास. बाहेरची हवा आपल्याला थंड वाटली तरी या द्रवाच्या मानाने ती कढत असते. तो हवेतली उष्णता घेऊन उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो, पाण्याच्या टाकीभोवती फिरतो, उष्णता पाण्याला देतो आणि पुन्हा द्रव होतो. मग बारीक छिद्रातून सोडला की दाब उतरतो, तो परत गार, आणि फेरा पुन्हा सुरू. एका बाजूला माठ, दुसऱ्या बाजूला बंब, आणि दोघांमध्ये उष्णता वाहून नेणारा हमाल.

तुमच्या घरचा फ्रिज हेच करतो. फ्रिजची पाठ गरम लागते ती आतल्या भाजीतली उष्णता. हीट पंप म्हणजे ज्याचं दार अख्ख्या जगाकडे उघडं आहे असा फ्रिज, आणि आपल्याला त्याच्या पाठीशी मतलब.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वीज उष्णता तयार करायला वापरलेली नाही, ती हमाली आहे. म्हणून एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळू शकते. यात जादू नाही, कायदाही मोडलेला नाही. दोन युनिट हवेतून आली, एक विजेतून. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन यांनी इमारती अशा रीतीने गरम करता येतील हे १८५२ मध्ये मांडलं होतं. झुरिकच्या टाउन हॉलमध्ये १९३८ च्या सुमारास लिम्मत नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला. स्वित्झर्लंडकडे कोळसा नव्हता, नदी होती.

जिना किती चढायचा

हमालाची मजुरी कशावर ठरते? ओझं किती यावर, आणि किती मजले चढायचे यावर. इथे मजले म्हणजे तापमानातला फरक. हवा किती अंशावर आहे आणि पाणी किती अंशाला न्यायचंय, या दोहोंतलं अंतर. अंतर वाढलं की सीओपी घसरतो.

सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये ज्या विचाराचा पाया घातला, त्यावरून याची वरची मर्यादा काढता येते. गरम बाजूचं तापमान केल्विनमध्ये घ्या, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा, आणि त्याला दोन्ही बाजूंच्या फरकाने भागा. यंत्राची गरम बाजू ५५ अंशावर आणि हवा ११ अंशावर असेल, तर ३२८ भागिले ४४, म्हणजे साडेसात. खरं यंत्र या आदर्शाच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत पोचतं, म्हणजे अडीच ते पावणेचार.

आता पुण्याची गंमत बघा. जानेवारीत इथे पहाटे सरासरी ११-१२ अंश असतात आणि दुपारी ३० च्या आसपास. आपल्याकडे तापमान मोजायची परंपरा जुनी आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो. तिथल्या नोंदीत पुण्याचा नीचांक १.७ अंश आहे, १७ जानेवारी १९३५ चा. पण त्याच महिन्यात दुपारी आपण सावली शोधतो. एका दिवसात १८ अंशांचा फरक!

मग पाणी पहाटे पाचला का तापवायचं? दुपारी दोनला तापवा. हवा २९ अंशावर असेल तर तोच भागाकार ३२८ भागिले २६, म्हणजे साडेबारा. पहाटेच्या दीडपटीहून जास्त. टाकीला चांगलं आवरण असेल तर रात्रभरात पाणी काही अंशच उतरतं. आणि गच्चीवर सौर पॅनेल असतील तर दुपारी वीजही तिथलीच. लंडनमध्ये ही युक्ती फारशी चालत नाही, कारण तिथे हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांत फारसा फरकच नसतो. पुण्याच्या कोरड्या हवेने दिलेली ही सवलत आहे, आणि बहुतेक इमारतींत ती वाया जाते, कारण टायमर कुणी लावत नाही.

खोली गरम करायची का?

आपल्याकडे नाही. जुन्या वाड्याच्या जाड भिंती दुपारचं ऊन साठवून रात्री हळूहळू सोडायच्या. नव्या फ्लॅटमध्ये तेवढं नाही, तरी डिसेंबर-जानेवारीतल्या थोड्या रात्रींसाठी खास यंत्र घेणं पटत नाही. घरात बाळ किंवा आजारी माणूस असेल आणि एसी घ्यायचाच असेल, तर गरम-थंड दोन्ही करणारा घ्या. तो उलटा चालवला की हीट पंपच होतो, आणि तारेच्या हीटरपेक्षा निम्म्याहून कमी वीज घेतो.

पुण्याचं खरं गरम करणं म्हणजे आंघोळीचं पाणी. हिशेब करू. चार माणसांचं घर, १०० लिटर पाणी, २० अंशावरून ४५ अंशावर. लागणारी उष्णता २.९ युनिट. गिझरला तेवढीच वीज आणि वर थोडी. सीओपी ३ असेल तर हीट पंपाला एक युनिट.

यात आणखी एक गोष्ट दडलीय. महाराष्ट्राची बरीच वीज कोळशाची. कोळशाच्या केंद्रात तीन भाग उष्णतेची एक भाग वीज होते, दोन भाग वाया. ती वीज गिझरमध्ये पुन्हा उष्णता करून जाळायची, म्हणजे दुधाचं दही आणि दह्याचं परत दूध करण्याचा खटाटोप. हीट पंप ते हरवलेले दोन भाग निदान हवेतून भरून काढतो.

आणि गॅस गिझर? त्याबद्दल मला कळकळीने बोलायचंय. आपल्या पेठांमध्ये मोरीला दार लावून केलेली बाथरूम असते, खिडकी वीतभर, तीही थंडीत बंद. आत ज्योत जळते, प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग पाय गळतात, आणि दाराला कडी असते. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. हीट पंप घ्या न घ्या, पण गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर उद्याच बाहेर मोकळ्या हवेत काढा. आजच्या व्याख्यानातून एवढंच घरी नेलंत तरी मला पुरे.

सही करण्याआधी

आता पुनर्विकासवाले. समजा २४ फ्लॅट, प्रत्येकी १०० लिटर, म्हणजे रोज २४०० लिटर. थंडीत उष्णता लागेल ७० युनिट, हीट पंपाला वीज साधारण २३ युनिट. कागदावर झकास.

पण मधे पाइप आहे. गच्चीवरून खाली आणि परत वर असं गरम पाणी दिवसभर फिरत ठेवतात, नळ उघडताच गरम यावं म्हणून. धरा ६० मीटर पाइप, आत ५० अंशाचं पाणी, बाहेर २५. एक इंची पाइप उघडा असेल तर मीटरमागे सुमारे २६ वॉट उष्णता हवेत जाते. ६० मीटर, २४ तास, म्हणजे रोज ३७ युनिट. आंघोळीला ७० आणि डक्टमधल्या पारव्यांना ३७! त्याच पाइपवर इंचभर जाडीचं आवरण घाला, तोटा १० युनिटांवर येतो. फिरवणारा पंप सकाळी पाच ते दहाच चालवला तर आणखी कमी.

म्हणून बिल्डरला कंपनीचं नाव नंतर विचारा. आधी हे विचारा. पाइपच्या आवरणाची जाडी किती? फिरवणाऱ्या पंपाला टायमर आहे का? पाणी किती अंशाला तापवणार? सीओपी सांगताय तो हवेच्या आणि पाण्याच्या कोणत्या तापमानाला? कारण माहितीपत्रकात बहुधा सोयीचं तापमान असतं. विजेचं मीटर वेगळं आहे का, आणि प्रत्येक फ्लॅटला गरम पाण्याचं मीटर आहे का? नाहीतर दोन माणसांचं घर सहा माणसांच्या आंघोळीचे पैसे भरत राहतं आणि सोसायटीच्या सभेत भांडणं होतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर क्षार कसे काढणार? बाहेरच्या यंत्राचा आवाज वरच्या मजल्याच्या झोपायच्या खोलीला लागणार का? देखभालीचा करार किती वर्षांचा?

आणखी एक. वीज वाचावी म्हणून टाकी कायम ४० अंशावर ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो, फुप्फुसाचा आजार करतो. अधूनमधून, निदान आठवड्यातून एकदा, पाणी ६० अंशांच्या वर न्यावं.

सोलर हीटर विसरू नका. गच्चीवर जागा असेल तर ऊन फुकट आहे. पण १०० लिटरला साधारण २ चौरस मीटर संकलक लागतो. २४ फ्लॅटना ४८, वर मधल्या वाटा, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, सौर पॅनेल. पेठेतल्या चिंचोळ्या जागेत एवढं बसत नाही. अशा ठिकाणी थोडा सोलर आणि उरलेल्यासाठी हीट पंप, ही जोडी चांगली.

हवामान बदललं की

आता पुण्याबाहेर जाऊ. महाबळेश्वरला पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, सोलर हीटर झोपतो. हवा मात्र १८-२० अंशांची आणि दमट. हीट पंपाला ही हवा आवडते, कारण थंड नळीवर दव धरतं आणि दव धरताना वाफ आपली उष्णता देऊन जाते. मुंबईत हवा आणखी सोयीची, पण तिथे कढत पाणी हवंय कुणाला?

लंडनला जा. तिथली थंडी आपल्याला वाटते तेवढी कडक नसते, बरेच दिवस शून्य ते सात अंशांत. पण हवा ओली. बाहेरची नळी शून्याखाली गेली की तिच्यावर दवाचा बर्फ धरतो आणि हवा आत शिरत नाही. मग यंत्र मधेच उलटं फिरून स्वतःचा बर्फ वितळवतं. तेवढी उष्णता घरातून जाते. म्हणून शून्याच्या आसपासची ओली थंडी कधीकधी उणे दहाच्या कोरड्या थंडीपेक्षा जास्त त्रास देते.

लेहची गोष्ट वेगळी. कोरडेपणा सोयीचा, पण साडेतीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ. समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. पंखा तेवढाच फिरला तरी कमी हवा, म्हणून कमी उष्णता हाती लागते. तिथे दक्षिणेकडे काच, जाड मातीच्या भिंती आणि भरपूर ऊन हा पहिला उपाय, यंत्र नंतर.

आणि नॉर्वे. एवढ्या थंड देशात सुमारे ६० टक्के घरांत हीट पंप आहेत. तिथे जमतं कसं? वीज मुख्यतः धबधब्यांची आणि मुबलक. घरं घट्ट बांधलेली. आणि कमी तापमानासाठी बनवलेली यंत्रं, ज्यांचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त होतो. पण मुख्य मुद्दा जिन्याचाच. बाहेर उणे १० आणि जमिनीखालच्या नळ्यांत ३५ अंशांचं पाणी, तर आदर्श गुणोत्तर पावणेसात. त्याच घरात जुने रेडिएटर असतील आणि पाणी ६५ अंशांचं लागत असेल, तर साडेचार. बाहेरची थंडी आपल्या हातात नाही. आतलं तापमान किती खाली आणता येईल, ते आहे. मोठे रेडिएटर, छताला आवरण, फटी बुजवणं, हे आधी.

थंडीतून पळायचा आणखी एक मार्ग आहे, जमीन. विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं. विहीर बदलत नाही, आपण बदलतो. दहा-पंधरा मीटर खाली तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतकं. म्हणून थंड देशांत जमिनीत नळ्या पुरतात. हवा उणे २० झाली तरी हमाल शून्याच्या वरूनच जिना चढतो. खोदाईचा खर्च मात्र मोठा. पुण्यात आपल्या काळ्या पाषाणात भोकं पाडून काही मिळवण्यासारखं नाही. हवाच पुरेशी गरम आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मुलगा टोरांटोला असतो. गॅसची भट्टी काढून हीट पंप लावू का, विचारतोय.

उत्तर: लगेच काढू नको म्हणावं. आधी घरातून उष्णता कुठून गळते ते तपासून घ्यावं आणि छताचं आवरण वाढवावं. मग थंड हवेसाठीचाच हीट पंप बघावा आणि उणे १५, उणे २० ला तो किती किलोवॉट उष्णता देतो हा आकडा मागावा. नुसता सीओपी नको, कारण थंडी वाढते तशी घराची भूक वाढते आणि यंत्राची ताकद घटते. सुरुवातीला भट्टी राखीव ठेवून बहुतेक दिवस हीट पंपावर काढता येतात. दोन हिवाळे बघावेत, मग ठरवावं.

प्रश्न: आम्ही दोघंच म्हातारे. दोन बादल्या पाणी. आम्ही घ्यावा का?

उत्तर: काकू, नका घेऊ. तुमचं पाणी ५० लिटर. वर्षाची सरासरी धरली तर गिझरला रोज सव्वा युनिट. युनिट १० रुपये धरलं तर वर्षाला साडेचार हजार, आणि हीट पंपाने त्यातले फार तर तीन हजार वाचतील. कोटेशनच्या रकमेला या तीन हजाराने भागा, किती वर्षं होतात ते दिसेल. त्यापेक्षा गिझरचा थर्मोस्टॅट खाली आणा. ६५ अंशांचं कढत पाणी काढून त्यात बादलीभर विसण घालण्यात अर्थ नाही. आंघोळीच्या आधी वीस मिनिटं चालू करा आणि काम झालं की बंद करा.

प्रश्न: हीट पंपातून गार हवा बाहेर पडते म्हणतात. उन्हाळ्यात ती घरात घेता येईल?

उत्तर: येईल, पण फार आशा नको. थंडीतल्या १०० लिटर पाण्यामागे हवेतून दोन युनिटांहून थोडी कमी उष्णता निघते. दीड टनाचा एसी जेमतेम वीस-बावीस मिनिटं चालावा, एवढा तो गारवा. उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट असतं, तेव्हा तोही कमी. एका घरात बाहेरच सोडा. मात्र हॉटेल किंवा वसतिगृह असेल, रोज हजारो लिटर पाणी लागत असेल, तर ती हवा स्वयंपाकघरात वळवणं नक्की फायद्याचं. माठ आणि बंब दोन्ही एकाच बिलात.

प्रश्न: मग आमच्या सोसायटीने सही करावी की नाही?

उत्तर: मघाचे प्रश्न कागदावर लिहून द्या आणि उत्तरंही कागदावरच घ्या. पाइपच्या आवरणाची जाडी करारात आली, टायमर आला, मीटर आलं, तर करा सही. तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणाले, तर थांबा. यंत्र दहा-पंधरा वर्षांनी बदलता येतं. भिंतीत गाडलेला उघडा पाइप मात्र इमारतीबरोबरच जातो.